आजी-आजोबा घरी नाहीत

साठी-पासष्टीचं एखादं जोडपं पाठीवर सॅक टाकून महिनाभर जंगलवाट तुडवायला निघालं, की आपल्याकडे काय काय बोललं जातं ते मला आता तोंडपाठ झालं आहे. ‘अहो, या वयात? गुडघ्यांना विचारलंत का? रानात रात्री-अपरात्री काही झालं तर? पडलात-बिडलात तर निस्तरायचं कुणी? एवढी चालायची हौस असेल तर समोर बाग आहे, सकाळी पाच फेऱ्या मारा, हास्यक्लबात या. तिकडच्या लोकांचं सोडा हो, त्यांना ना मुलांची पडलेली, ना नातवंडांची. आपल्या संस्कृतीत हे बसत नाही. आणि तुम्हाला हौस आहे ते ठीक, पण वहिनींना कशाला फरफटवताय?’ एवढं बोलून झालं की बोलणारा स्वतःच्या कनवाळूपणावर खूश होऊन दुसरा चहा मागवतो.

आमच्या इमारतीतल्या एका जोडप्याने हे सगळं ऐकून घेतलं आहे. तो बँकेतून निवृत्त, ती गणिताची शिक्षिका. मुलगी न्यू जर्सीत. गेल्या वर्षी ते तिच्याकडे गेले ते नेहमीसारखे सहा महिन्यांसाठीच. पण त्यातला महिनाभर त्यांनी स्वतःसाठी काढून घेतला आणि ॲपलाचियन ट्रेलचा हार्पर्स फेरी ते डेलावेअर वॉटर गॅप हा सुमारे ४३० किलोमीटरचा टप्पा पायी चालून काढला. परत आल्यावर इमारतीने त्यांच्यावर जो प्रेमळ खटला भरला, त्यात दोघंही हसून गप्प बसली. मला हसून गप्प बसणं जमत नाही. म्हणून न मागता त्यांचं वकीलपत्र घेतो आहे.

आधी ही वाट कसली आहे ते समजून घेऊ, कारण आरोप करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा एव्हरेस्टचा सिनेमा चालू असतो. ॲपलाचियन ट्रेल ही अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जुन्या, झिजलेल्या डोंगररांगेवरून जाणारी पायवाट. दक्षिणेला जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून उत्तरेला मेनमधल्या कटाडिनपर्यंत, चौदा राज्यांतून, सुमारे ३,५०० किलोमीटर. बेंटन मकाय यांनी १९२१ मध्ये तिची कल्पना मांडली, १९३७ मध्ये ती सलग जोडली गेली. झाडांच्या बुंध्यांवर पांढऱ्या रंगाचे उभे पट्टे मारलेले असतात, ते बघत पुढे जायचं. मध्ये मध्ये तीन भिंतींचे लाकडी निवारे, बहुतेकांच्या जवळपास झरा. चार-पाच दिवसांनी एखादं गाव लागतं. तिथे शिधा भरायचा, आंघोळ उरकायची, पुन्हा डोंगर चढायचा. सगळ्यांत उंच जागा २,०२५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून पावणेचारशे-एक मीटर जास्त. दोर आणि प्राणवायूची नळकांडी यांचं इथे काम नाही. सोपी मात्र ती मुळीच नाही. वाट सारखी चढते-उतरते. टोकापासून टोकापर्यंतच्या सगळ्या चढांची बेरीज केली तर समुद्रसपाटीपासून एव्हरेस्ट सोळा वेळा चढल्याइतकी होते. आणि आमच्या जोडप्याच्या वाट्याला आलेलं पेनसिल्व्हेनिया तर दगडांसाठी बदनाम आहे. धारदार, डुगडुगत्या दगडांवरून दिवसच्या दिवस पाय टाकत जायचं. बुटांचे तळ तिथे संपतात.

तर गुडघे. गुडघे दुखतात, हे एकदाच कबूल करून टाकतो. चढताना छाती बोलते, उतरताना गुडघे, आणि उतरतानाचं बोलणं जास्त कडू असतं. हे साठीत होतं तसं पंचविशीतही होतं. फक्त पंचविशीतला गडी ते कबूल करत नाही. ही वाट एका मोसमात पूर्ण करायला निघणाऱ्यांत विशी-तिशीतल्यांचाच भरणा असतो. त्यांतला साधारण चारातला एक शेवटपर्यंत पोहोचतो. बाकीचे तीन कुठे जातात? स्प्रिंगरपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर नील गॅप नावाची खिंड आहे. तिथल्या दुकानापाशी एका झाडावर बुटांचे जोडच्या जोड टांगलेले दिसतात. कुणी बूट चुकीचे निघाले म्हणून टांगले, कुणी नादच सोडला म्हणून. पन्नास किलोमीटर! कात्रजहून सिंहगडाला रात्रीत जाऊन येऊन दुसऱ्या दिवशी ऑफिसात मिरवणाऱ्यांनी या झाडाकडे जरा आदराने पाहावं.

कारण साधं आहे. स्नायू आणि दम लवकर तयार होतात. स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या कंडरा फार सावकाश तयार होतात. पहिल्याच आठवड्यात अंगात जोर आला म्हणून जो तीस-तीस किलोमीटर मारतो, त्याचा घोटा किंवा नडगी तिसऱ्या आठवड्यात हिशेब मागते. पासष्टीच्या माणसाला पहिल्या आठवड्यात तीस किलोमीटर मारताच येत नाहीत. तो बारा-तेरा चालतो, दुपारी बूट काढून बसतो, काठ्यांवर भार टाकत उतरतो, पाच वाजता तंबू लावतो. ज्याला आपण दुबळेपणा म्हणतो, तीच या चालीतली शिस्त आहे.

वजनाचं गणितही जोडप्याच्या बाजूने आहे. एकट्याला तंबू, चूल, भांडं, पाणी गाळायचं साधन सगळं स्वतःच्याच पाठीवर न्यावं लागतं. दोघं असली की तंबूचं कापड एकाकडे, दांड्या दुसऱ्याकडे. चूल एक, पातेलं एक. या दोघांच्या सॅका अन्न-पाणी सोडून सात-सात किलोंच्या आत होत्या. आपल्याकडची तरुण मंडळी राजगड-तोरणा करताना एका रात्रीसाठी याहून जास्त ओझं नेतात, आणि त्यात एक स्पीकर असतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘असतील एखाद-दोन लोखंडी म्हातारे, अपवादाने नियम होत नाही.’ मान्य. अर्ल शेफर हा ही वाट एका दमात चालल्याची नोंद असलेला पहिला माणूस. दुसऱ्या महायुद्धातून परतल्यावर, १९४८ मध्ये, तो चालला. पन्नास वर्षांनी, १९९८ मध्ये, ७९ व्या वर्षी पुन्हा चालला. २०१७ मध्ये डेल सँडर्स ८२ व्या वर्षी, २०२१ मध्ये एम. जे. एबरहार्ट ८३ व्या वर्षी. हे अपवादच आहेत. पण आमच्या शेजाऱ्यांना कुणी ३,५०० किलोमीटर चालायला सांगितलं होतं? त्यांनी वाटेचा आठवा हिस्सा घेतला, रोज चौदा-पंधरा किलोमीटर. एवढं चालायला लोखंडी असावं लागत नाही. अपवादांचं नाव घेऊन नेहमीच्या माणसांना घरी बसवायचं, ही हुशारी आता पुरे.

आणि ‘घरी सुरक्षित’ म्हणजे नेमकं काय? वयस्कर माणसांची खुब्याची हाडं कुठल्या कड्यावरून पडून मोडतात? बहुतेकदा ती घरातच मोडतात: न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर, रात्री दिवा न लावता उठताना, पायपुसण्यात पाय अडकून. न वापरलेला स्नायू वितळत जातो, आणि तोल सांभाळायला नेमका तोच लागतो. १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या, अशक्त माणसांना आठ आठवडे पायांनी वजनं उचलायला लावली होती. त्यांच्या पायांची ताकद सरासरीने अडीचपटीहून जास्त वाढली. नव्वदीत! आपण मात्र पासष्टीच्या माणसाला म्हणतो, तुम्ही बसा, पाणी मी आणून देतो. प्रेमानेच म्हणतो. त्या प्रेमाने मांड्या गळतात.

धोका नाही असं मी म्हणत नाही. या वाटेवर माणसं गेली आहेत. दहा अंशांच्या पावसात सुती कपडे भिजले तर थंडीने माणूस जाऊ शकतो. गवतातल्या गोचिडीमुळे लाइमचा आजार होतो. वाटेपासून थोडं आडबाजूला गेलेला माणूस दाट झाडीत परत वाटेवर न पोहोचल्याच्या घटनाही घडल्या आहेत. म्हणून लोकरीचे मोजे न्यायचे, रोज संध्याकाळी अंगावर गोचीड शोधायची (हे काम दोघं असली की फार सोपं होतं), शिट्टी आणि उपग्रहावरून निरोप धाडणारं यंत्र जवळ ठेवायचं. यातली कोणती गोष्ट वय पाहून लागू होते? धोक्याची गोष्ट मला कुणी सांगावी? पासष्टाव्या वर्षी हेल्मेट डिकीत ठेवून, उलट्या बाजूने स्कूटर हाकत भाजी आणायला जाणाऱ्या आमच्या सेक्रेटरींनी?

आता संस्कृती. या मुद्द्याची मी वाटच पाहत होतो.

मनूची साक्ष काढायची मला हौस नाही. त्याच्या पुस्तकाची १९२७ मध्ये महाडला होळी झाली ती योग्यच झाली. पण उठसूट संस्कृतीचा दाखला देणाऱ्यांना त्यांच्याच कपाटातलं पुस्तक उघडून दाखवायला हवं. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात, अगदी सुरुवातीलाच, म्हटलं आहे की गृहस्थाने अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पिकलेले केस आणि मुलाचं मूल पाहिलं की अरण्याचा आश्रय घ्यावा. बायकोला मुलांच्या हवाली करून जावं, किंवा सोबत घेऊन जावं. नातू झाला की अरण्य! नातू झाला की एडिसन, न्यू जर्सी, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. वानप्रस्थ हा शब्द आपण वृद्धाश्रमाच्या पाटीवर लिहितो, निवृत्तीच्या समारंभात भाषणात वापरतो. एक जोडपं खरोखर वनाकडे प्रस्थान करायला निघालं, की मात्र आपल्याला संस्कृती आठवते आणि तीही उलटी आठवते.

पुस्तक राहू द्या, रस्त्यावर या. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. आषाढाच्या तोंडावर, भर पावसात, तीन आठवडे, रोज नव्या मुक्कामाला राहुटीत झोपून लाखो माणसं हे अंतर चालतात. त्यांत साठीचे असतात, सत्तरीचे असतात, डोक्यावर तुळस घेऊन दिवेघाट चढणाऱ्या आज्या असतात, पिढ्यान्‌पिढ्या वारीला जोडीने जाणारी म्हातारा-म्हातारी असतात. त्यांना कुणी विचारतं का, या वयात? उलट आपण रस्त्याच्या कडेला उभे राहून त्यांच्या पाया पडतो, केळी वाटतो, फोटो काढतो. नर्मदा परिक्रमेचंही तेच. नदी १,३१२ किलोमीटर लांब. तिला उजव्या हाताला ठेवून, न ओलांडता दोन्ही काठांनी फिरायचं, म्हणजे अडीच हजारांच्या वर किलोमीटर. शूलपाणीच्या झाडीत परिक्रमावासी लुटले जात, अंगावरच्या वस्त्रानिशी पुढे जात. मराठी माणसं दरवर्षी ही वाट चालायला जातात, परतल्यावर पुस्तकं लिहितात, आणि ती पुस्तकं आपण पुढच्या आवृत्तीची वाट पाहत वाचतो. निघताना आपण त्यांच्या हातात नारळ देतो. गुडघ्यांचा विषय कुणी काढत नाही.

का? गुडघ्यातल्या कूर्चेला पंढरपूर आणि पेनसिल्व्हेनिया यांतला फरक कळतो का? पाऊस वारकऱ्याला कमी भिजवतो आणि हायकरला जास्त? वयस्कर शरीराला अडीचशे किलोमीटर चालणं झेपतं, हे आपल्याला शेकडो वर्षांपासून डोळ्यांनी दिसत आलं आहे. म्हणजे शरीराचा मुद्दा आपण स्वतःच कधीचा निकालात काढलेला आहे. मग खटकतं ते काय? देवासाठी पाय झिजवले तर चालतात. वैद्याने सांगितलं म्हणून बागेत फेऱ्या मारल्या तरी चालतात. पण निव्वळ आवडतं म्हणून, डोंगर पाहायचा आहे म्हणून, सकाळी तंबूतून बाहेर आल्यावर पुढे काय दिसतं याची उत्सुकता आहे म्हणून म्हातारी माणसं चालू लागली, की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. त्या वयाने आनंद घ्यायचा तर तो पुण्याच्या पुडीत बांधूनच घ्यायला हवा, असा आपला अलिखित कायदा आहे.

या कायद्याला आपल्याच नदीकाठी एका जोडप्याने कधीच सुरुंग लावला होता. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९७७ मध्ये, नर्मदाकाठाने चालायला सुरुवात केली. पुण्यासाठी नव्हे, झोळीत चित्रवही होती. टप्प्याटप्प्याने, वर्षानुवर्षं ते चालत राहिले. सत्तरी ओलांडल्यावर ते पुन्हा नदीकाठी गेले, आणि तेव्हा पत्नी कांताबेन बरोबर होत्या. नदी सुंदर आहे म्हणून तिच्या काठाने चालायचं, एवढंच त्यांचं कारण. हे कुठल्या गोऱ्या संस्कृतीतून आलं?

‘तिकडच्या लोकांचं वेगळं’ हेही जाता जाता निकालात काढतो, आणि त्याच ओघात वहिनींच्या फरफटीचं बघतो. एमा गेटवूड ही ओहायोतली शेतकरीण. अकरा मुलांची आई, तेवीस नातवंडांची आजी. मारकुट्या नवऱ्याबरोबर तीन दशकांहून जास्त संसार करून तिने घटस्फोट घेतला. १९५४ मध्ये ती एकटीच ही वाट चालायला निघाली. मेनच्या जंगलात वाट चुकली, चष्मा फुटला, आणि वनरक्षकांनी तिला घरी जायला सांगितलं. म्हणजे ‘या वयात?’ हा प्रश्न तिकडेही इंग्रजीत विचारला जात होता. ती घरी गेली. पुढच्या वर्षी, ६७ व्या वर्षी, मुलांना जरा फिरायला जाते एवढंच सांगून पुन्हा निघाली आणि जॉर्जियापासून कटाडिनपर्यंत पोहोचली. खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पायांत कॅनव्हासचे बूट, तंबूऐवजी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. ही वाट एका मोसमात एकटीने पूर्ण करणारी ती पहिली बाई. दोन वर्षांनी ती पुन्हा सगळी चालली. ७१ व्या वर्षी मिझुरीतून निघून ओरेगनमधल्या पोर्टलंडपर्यंत चालत गेली. तिला कोण फरफटवत होतं?

आमच्या इमारतीत कुणीही न विचारलेली गोष्ट अशी, की हा सगळा बेत मुळात बाईंचा. वाटेवरच्या पाण्याच्या जागा, त्यांतली अंतरं, कुठल्या गावात शिधा मिळतो, कुठल्या निवाऱ्यानंतर चढ आहे, याचा तक्ता त्यांनी गणिताच्या वहीसारखा आखला होता. एडिसनच्या दुकानांतून भाजणी, मेतकूट, गूळ-शेंगदाणे घेऊन रोजच्या पुड्या बांधल्या त्यांनीच. वेगही त्यांचाच, कारण जोडप्याने चालताना पुढे जो हळू चालतो त्याने राहायचं असतं, नाहीतर मागचा दमतो आणि पुढचा चिडतो. साहेबांकडे तंबू उभारणं आणि ‘किती राहिलं?’ हे विचारणं ही दोन खाती होती. दोघांच्या तंबूची रुंदी सव्वा मीटरच्या आसपास. भांडून पाठ फिरवली तरी पाठीला पाठ लागते. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच एका भांडणातून टीव्हीच्या खोलीत निघून जाता आलं नाही, असं त्यांनीच मला सांगितलं. हे ऐकून मला त्यांच्याबद्दल जरा भीती वाटली, पण ते दोघं खूश दिसले.

‘बचाव पथकांवर भार’ हा मुद्दा मांडणारे थोडे शिकलेले असतात, म्हणून दोन वाक्यं. न्यू हॅम्पशर राज्याचा कायदा निष्काळजी हायकरकडून सुटकेचा खर्च वसूल करू देतो. निष्काळजीपणा वयावर मोजायचा, असं त्यात म्हटलेलं नाही. आणि ही वाट ज्या तीसेक क्लबांच्या स्वयंसेवकांनी सांभाळली आहे, पडलेली झाडं करवतीने कापून, पायऱ्या रचून, पांढरे पट्टे पुन्हा रंगवून, त्यांत निवृत्त मंडळींची मोठी फौज आहे. तरुण ज्या वाटेवर धावतात, ती म्हाताऱ्यांनी मोकळी करून ठेवलेली असते. भार कोणाचा कोणावर?

विरोधकांइतकाच मला दुसऱ्या जातीच्या लोकांचा राग येतो. हे लोक कौतुक करतात. ‘या वयातसुद्धा! सलाम! प्रेरणादायी!’ मागे बासरी वाजते, फोटोभोवती फुलांची चौकट येते आणि तो प्रत्येक गटात फिरतो. त्या कौतुकाचा पायाही तोच आहे: या वयात माणूस हलतो याचंच आश्चर्य. बाई चालल्या तो टप्पा कसा होता, पेनसिल्व्हेनियाच्या दगडांवर त्यांनी पाय कसे टाकले, पावसात चूल कशी पेटवली, हे विचारायला कौतुकवाल्यांपैकी एकही वर आला नाही. जिवंत माणसाचा पुतळा केला की त्याच्याशी बोलावं लागत नाही.

आता खरं कारण. अमेरिकेला भेटीचा व्हिसा घेऊन गेलेल्या आईवडिलांना साधारणपणे एका खेपेला सहा महिने राहता येतं. ॲपलाचियन ट्रेल टोकापासून टोकापर्यंत चालायलाही साधारण सहा महिनेच लागतात. या दोन सहा महिन्यांचं काय करायचं, यावर आपल्या समाजात कधीच चर्चा झालेली नाही, कारण पहिले सहा महिने आधीच वाटून टाकलेले असतात. बाळंतपण, डिंकाचे लाडू, मालिश, मग सून किंवा मुलगी कामावर रुजू झाली की दिवसभर मूल. एका बाजूचे आई-वडील परततात तेव्हा दुसऱ्या बाजूचे उतरतात. मध्ये एक आठवडाही रिकामा जाऊ नये अशा बेताने तिकिटं काढलेली असतात. गाडी चालवता येत नाही, घराबाहेर फुटपाथ नाही, डिसेंबरपासून बर्फ. दहा किलोचं मूल कडेवर घेऊन तळघराचा जिना दिवसातून वीसदा चढणाऱ्या आजीच्या गुडघ्यांची चौकशी कुणी, कधी केली आहे? सात किलोची सॅक पाठीवर घेतली की मात्र सगळ्यांना अस्थिरोगतज्ज्ञाची भाषा येते.

भारतातही वेगळं काय चाललं आहे? शाळेच्या बसपाशी उभे असलेले आजोबा, कुरिअरसाठी दिवसभर घरी थांबणारी आजी, दोघांच्या नावावर फ्लॅटची किल्ली. यातलं बरंचसं आनंदाने होतं, हे मी जाणतो. नातवंडाच्या सहवासाची किंमत कुणी कमी करू नये. पण आनंदाने दिलेला वेळ आणि गृहीत धरलेला वेळ यांत काय फरक आहे, हे तो वेळ मागे घेऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. आमच्या शेजाऱ्यांनी सहा महिन्यांतला एक मागे घेतला. एकच. आणि चारी बाजूंनी काळजी दाटून आली.

म्हणून मला त्या काळजीवर विश्वास नाही. म्हाताऱ्यांच्या शरीराची चिंता करणाऱ्यांनी त्यांच्याकडून जिने चढवून घेतले नसते. संस्कृतीची चिंता करणाऱ्यांनी वारीला नारळ आणि जंगलाला नकार दिला नसता. बाईंची चिंता करणाऱ्यांनी निदान एकदा बाईंना विचारलं असतं. चिंता आहे ती जागा रिकामी राहण्याची: पाळण्यापाशी, गॅसपाशी, दरवाजापाशी. ‘मग मुलाला बघणार कोण?’ हा एकच प्रामाणिक प्रश्न या सगळ्या खटल्यात होता, आणि तो विचारायला इतर सगळ्या प्रश्नांनंतर धीर झाला. उत्तर तर सोपं आहे. ज्यांनी त्याला जन्माला घातलं, ते.

दोघं पुन्हा जाणार आहेत. या वेळी डेलावेअर वॉटर गॅपपासून उत्तरेकडे, न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क ओलांडून कनेटिकटपर्यंत, आणि जमलं तर आणखी पुढे. मुलीला त्यांनी आताच कळवून टाकलं आहे. तिकडे पाळणाघरात जागा मिळायला वेळ लागतो.